मधलं पातं

माझं माहेर अणदूरचं. लग्न होऊन मी बेंबळीच्या अलीकडच्या एका गावात, पिंजाऱ्याच्या घरात आले, तेव्हा त्या गावात विजेचे खांब नुकतेच उभे राहत होते. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झाली होती. घरात माणसं मोजकी. सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि मी. सासऱ्यांना मी अब्बा म्हणायची, सासूबाईंना अम्मा. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, गावात मराठी. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. आता लिहिते तेही मराठीतच, म्हणून घरातलं बोलणंही मराठीतच मांडते आहे.

अब्बा कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. कुणाची गादी, कुणाची रजई, कुणाच्या उशा. लोकांच्या ओसरीत बसून दिवसभर कमानीची ताणलेली दोरी, म्हणजे तात, छेडायची आणि संध्याकाळी घरी यायचं, भुवयांवर, कानांवर, दाढीत कापसाचे बारीक तंतू घेऊन. अम्मा त्यांना दारातच थांबवून ओल्या फडक्यानं तोंड पुसायच्या. इतकी वर्षं ते कण छातीत गेल्यानं त्यांना खोकला जडला होता. जेवताना ढास लागली की घास खाली ठेवून ते भिंतीकडं तोंड करायचे. आमच्यापैकी कुणाला त्यांचा चेहरा तेव्हा दिसू नये, असं त्यांना वाटायचं.

या खोकल्यापायीच माझ्या नवऱ्यानं यंत्राचा ध्यास घेतला. तो लातूरला एका जिनिंगमध्ये काही महिने कामाला होता. तिथं त्यानं कापूस पिंजायचं यंत्र पाहिलं. काटेरी रूळ, त्यावर पट्टा आणि पट्ट्याला मोटर. कमानीवर अब्बांना जे काम दिवसभर पुरायचं, ते यंत्र चहा होईस्तोवर उरकत होतं. त्यानं कुठून कुठून जुळवाजुळव करून जुनं यंत्र आणि एक लहानशी मोटर बैलगाडीत घालून आणली. घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. विजेच्या जोडणीसाठी हेलपाटे घातले.

आम्हाला जोडणी मिळाली ती दोन तारांची. तीन फेजची लाइन फक्त पिठाच्या गिरणीला आणि वेशीबाहेरच्या एका विहिरीवर होती. आमची मोटर सिंगल फेजचीच असल्यानं तशी अडचण नव्हती. एक करंटची तार, एक परतीची. बस.

जोडणी करायला उस्मानाबादहून वायरमन आला. तिशीतला, नळदुर्गाकडचा माणूस. स्क्रू फिरवताना तो स्वतःशी कानडीत काहीतरी पुटपुटायचा आणि आमच्याशी मराठीत बोलायचा. त्यानं पिशवीतून मेन स्विचची एक जड लोखंडी पेटी काढून भिंतीवर ठोकली. पेटीच्या बाजूला हाताएवढा दांडा होता.

"हे गिरणीचं खटकं दिसतंय," माझा नवरा म्हणाला. "आपल्याला तर दोनच तारा हायत."

"थ्री फेजचंच आहे," वायरमन म्हणाला. "दोन तारांचं बाजारात मिळंना. मिळालं तरी तकलादू असतंय, तुमच्या मोटरीला टिकायचं न्हाय. हे बंद पडलेल्या एका तेल गिरणीतलं, अजून दणकट हाय."

त्यानं पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आत तांब्याची तीन पाती शेजारी शेजारी होती. दांडा वर केला की तिन्ही पाती एकदम आपापल्या खाचेत बसायची. खाली ओढला की तिन्ही एकदम बाहेर.

"या कडेच्या पात्यावर करंटची तार घेतली. त्या कडेच्या पात्यावर परतीची. मधलं रिकामं. दांडा खाली ओढला की दोन्ही तारा तुटल्या. मग मोटरीत काय राहात न्हाय." मग नवऱ्याकडं बोट करून तो म्हणाला, "मधल्याला काय लावायचं न्हाय, बरं का. ते तसंच राहू द्यायचं."

नवऱ्यानं मान हलवली. मी आतल्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होते. अब्बा खोलीच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. ते पहिल्यांदाच बोलले.

"बंद झालंय, हे वळखायचं कसं?"

"दांडा बघायचा, बाबा. खाली असला की बंद."

अब्बा उठले, पेटीजवळ गेले. त्यांनी दांडा वर केला, खाली केला, परत वर, परत खाली. वायरमन हसला. अब्बा हसले नाहीत.

यंत्र चालू झालं आणि गावात आमचं नाव झालं. आजूबाजूच्या गावांतून लोक जुन्या गाद्या बैलगाडीत घालून आणायचे. अब्बांनी फिरणं सोडलं. ते दुकानातच बसून कापूस निवडायचे, सरकी काढायचे, रजयांना टाके घालायचे. खोकला पूर्ण गेला नाही, पण कमी झाला. यंत्राशी मात्र त्यांनी कधी सलगी केली नाही. रुळाला तंतू गुंडाळले गेले की ते साफ करायचं काम त्यांचं, कारण त्यांच्या बोटांना कापूस ओळखीचा होता. पण प्रत्येक वेळी ते आधी उठून पेटीपाशी जायचे, दांडा स्वतःच्या हातानं खाली ओढायचे, एकदा बघायचे आणि मगच यंत्रापाशी बसायचे. दांडा दुसऱ्या कुणी खाली केलेला असला तरी ते वर-खाली करून खात्री करून घ्यायचे. नवरा कधी कधी वैतागायचा.

"अब्बा, मी आत्ताच बंद केलंय की."

"असंल," ते म्हणायचे, आणि तरी उठायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी लवकर पडली. काम अंगावर यायला लागलं. त्यातच एका मोठ्या घरच्या लग्नाच्या गाद्या-रजया आमच्याकडं आल्या. यंत्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालायचं. एक दिवस भिंतीवरच्या पेटीतून गुंई असा आवाज यायला लागला आणि जळक्या वासानं खोली भरली. नवऱ्यानं मीटरजवळचा फ्यूज काढून पेटी उघडली. आत कापसाचा थर बसला होता, आणि करंटची तार ज्या पात्यावर होती, ते पातं काळं पडून वाकडं झालं होतं. त्याची खाच सैल पडली होती. ते काही केल्या नीट बसेना.

त्यानं वायरमनकडं निरोप पाठवला. वायरमन उमरग्याकडं लाइनच्या कामाला गेला होता, कधी येईल सांगता येत नव्हतं. लग्नघरचा माणूस रोज येऊन दारात उभा राहत होता.

तेव्हा माझ्या नवऱ्यानं एक युक्ती केली. जळक्या पात्याला त्यानं बाजूलाच टाकलं. करंटची वरून येणारी तार आणि खाली मोटरीकडं जाणारी तार एकमेकींना पीळ देऊन जोडली, वर पट्टी गुंडाळली. परतीची तार होती तशीच तिच्या पात्यावर राहू दिली. झाकण लावलं, फ्यूज बसवला.

"इकडं ये," त्यानं मला हाक मारली. "बघ." त्यानं दांडा वर केला. मोटर फिरली. दांडा खाली ओढला. मोटर थांबली. "वायरमन येईस्तोवर चार दिवस चालंल."

मला ते बरोबरच वाटलं. यंत्र थांबलं म्हणजे बंद झालं, यापलीकडं आम्हा दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. परतीची तार तुटली की मोटर थांबते, पण करंट मोटरीपर्यंत येऊन तसाच उभा राहतो, हे मला पुढं कळलं. अब्बा त्या दिवशी बाहेर गेले होते. ते आल्यावर नवऱ्यानं त्यांना इतकंच सांगितलं की, पेटी दुरुस्त झाली. त्यांनी जाऊन दांडा वर-खाली करून पाहिला. मोटर फिरली, थांबली. त्यांचं समाधान झालं.

लग्नाच्या गाद्या गेल्या. वायरमन आला नाही, आणि यंत्र नीट चालतंय म्हटल्यावर आम्हीही परत निरोप धाडला नाही.

ते घडलं ती सकाळ थंडीची होती. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. अम्मा अंगणात धान्य पाखडत होत्या. अब्बांनी नेहमीसारखं दुकानात पाणी शिंपडलं, कारण मातीची जमीन ओली असली की कापूस कमी उडतो. नवरा बाहेरच्या कट्ट्यावर एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. यंत्र थोडा वेळ चालल्याचा आवाज आला, मग थांबलं. रोजचंच होतं. मी दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

मग नवऱ्याची हाक ऐकू आली. "अब्बा." आणि लगेच परत, पण या वेळी तो आवाज माणसाचा वाटला नाही.

मी धावले. अब्बा मोटरीपाशी बसलेले होते, अनवाणी, कपाळ मोटरीवर टेकलेलं. एक हात मोटरीच्या मागच्या अंगाला, जिथं तारा आत जातात तिथं. त्या जागी कापूस साठायचा, तो ते काढत असणार. तिथल्या तारांच्या जोडावरची पट्टी उष्णतेनं सुटली होती, हे नंतर पाहिलं. नवऱ्यानं त्यांच्या खांद्याला धरलं आणि तो स्वतःच मागं फेकला गेला. पडल्या जागेवरून त्यानं भिंतीकडं पाहिलं. दांडा खाली होता.

त्याचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी पाहिलं आहे. मला ते लिहिता यायचं नाही. तो उठून मीटरकडं धावला, फ्यूज उपसून काढला. अब्बा एका कुशीवर कलंडले.

बेंबळीहून डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी हात धरून पाहिला आणि अम्मांकडं न बघता खाली ठेवला.

पोलीस आले, पंचनामा झाला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी या घरानं बरंच सोसलं होतं, त्यामुळं खाकी कपडे दारात दिसले की अम्मा आत जाऊन कडी लावायच्या. त्या दिवशी त्या कोपऱ्यात नुसत्या बसून होत्या. दुपारनंतर मय्यत आमच्या ताब्यात मिळाली. गुसल, मय्यतीची आंघोळ, झाला, जनाजा उठला. सगळं गाव आलं होतं, हिंदू, मुसलमान, सगळे. आणि त्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, दुसऱ्यानं उचललं, संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. म्हाताऱ्यानं चालू मशीनमध्ये हात घातला. म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं. जन्म गेला कमानीवर. लोक वाईट मनानं म्हणत नव्हते. हळहळून म्हणत होते.

माझा नवरा ते ऐकत होता.

वायरमन तिसऱ्या दिवशी आला. जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुव्याला, आलेले दोन-चार जाणते लोक अजून बसलेले होते. तो सरळ पेटीपाशी गेला, झाकण काढलं. बराच वेळ आत पाहत राहिला.

"हे कुणी केलं?"

"म्या," नवरा म्हणाला.

"करंटची तार थेट जोडली? दांडा काय मग नुसत्या न्यूट्रलला, परतीच्या तारेला?"

"ते पातं जळालं हुतं."

"मग मधलं घ्यायचं की." वायरमनचा आवाज चढला. "मधलं पातं रिकामं न्हवतं का? चांगलं होतं. दोन स्क्रू सोडून तारा मधल्यावर घेतल्या असत्या, काय सुदिक झालं नसतं."

माझ्या नवऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "तुमीच म्हणला हुता. मधल्याला काय लावायचं न्हाय."

 वायरमन तिथंच, अब्बा बसायचे त्याच कोपऱ्यात, खाली बसला. "मी म्हणलो होतो," तो म्हणाला. "दोनच तारा होत्या म्हणून म्हणलो होतो. गरज न्हवती म्हणून." बसलेल्यांपैकी एका वयस्कर माणसानं हळूच सांगितलं, "जे झालं ते झालं. हे इथंच राहू द्या. आतल्या बाईला सांगू नका. नवरा तर गेलाच, पोरगाही जाईल तिचा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही वाटलं, ते बरोबर आहे. पण माझा नवरा उठून आत गेला.

अम्मा इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत बसलेल्या. तो त्यांच्यासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पातं जळालं, तार जोडली, अब्बांना सांगितलं नाही. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता त्या किंचाळतील, त्याला मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "त्यांनी दांडा खाली वडला हुता?"

"व्हय."

"तू बघितला?"

"व्हय अम्मा. खालीच हुता."

"मग त्यांची चूक न्हवती."

"न्हाय."

त्यांनी हातातली तसबीह, जपाची माळ, खाली ठेवली. मग म्हणाल्या, "गाव म्हणतंय, म्हाताऱ्याला कळलं न्हाय. आयुष्यात कदी कुणाचा धागा वाकडा घातला न्हाय त्या माणसानं. तू सांग गावाला."

"सांगतो."

"नुसतं मला सांगून भागणार न्हाय. चाळिसाव्याला सगळे येतील. तवा सांग."

त्यांनी माफ केलं, असं मला त्या वेळी वाटलं. ते तसं नव्हतं.

मधल्या दिवसांत मी त्याला समजावलं. म्हटलं, लोक आज हळहळतात, उद्या तोंडावर थुंकतील. आपलं पुढचं सगळं आयुष्य या गावात काढायचं आहे. तो ऐकून घ्यायचा आणि उठून कामाला लागायचा. त्याचं वजन उतरलं होतं. रात्री झोप लागत नव्हती, हे मला कळायचं.

चाळिसाव्याला अंगणात सतरंज्या घातल्या. फातेहा पढून झाली. लोक जेवायला बसण्याआधी तो उभा राहिला. आत अम्मा दाराच्या फळीला कान लावून बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ. तो म्हणाला की, अब्बांनी यंत्र बंद केलं होतं. दांडा खाली होता. आत तार आपण चुकीची जोडली होती, म्हणून बंद असूनही करंट राहिला. अब्बांची काही चूक नव्हती. एवढंच. वायरमनही त्या गर्दीत होता, मान खाली घालून. त्याचं नाव माझ्या नवऱ्यानं घेतलं नाही. मधल्या पात्याबद्दलही तो काही बोलला नाही.

 लोक जेवले, पण पंगतीत कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. निघताना वायरमन त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "माझं का सांगितलं न्हाय?"

"तुमचं काय सांगायचं? हात माझा हुता पेटीत."

वायरमन त्यानंतर आमच्या गावात आला नाही. त्या भागाचं काम पुढं दुसऱ्याकडं गेलं.

मी भ्यायले होते तसं कुणी तोंडावर थुंकलं नाही. लोक नुसते यायचे थांबले. आधी दूरच्या गावचे, मग जवळचे. बाप मेला त्या यंत्रातून निघालेल्या कापसावर कोण झोपणार? यंत्र तुळजापूरच्या एका माणसानं नेलं. नवऱ्यानं अब्बांची कमान नीट केली, नवी तात लावली आणि फिरायला लागला. आमच्या गावात नाही, लांबच्या गावांत, जिथं कुणी ओळखत नव्हतं. मी शिवणकाम करायला लागले आणि पुढं गावच्या बालवाडीत लागले. दोन मुलं झाली.

अम्मा आमच्याकडंच राहिल्या. माझ्याशी बोलायच्या, नातवंडांशी बोलायच्या. त्याच्याशी नाही. तो समोर बसलेला असायचा आणि त्या मला म्हणायच्या, "त्याला म्हण, जेवून घे." "त्याला म्हण, पाऊस यील, निघू नको." तो मला उत्तर द्यायचा, मी त्यांना. असं कितीतरी वर्षं चाललं. मुलं लहान असताना त्यांना वाटायचं, प्रत्येक घरात असंच असतं.

एकदा त्यांचे केस विंचरताना मी धीर करून विचारलं, "अम्मा, अजून राग हाय का तुमचा?"

"राग न्हाय गं," त्या म्हणाल्या. "पोटचं पोरगं हाय. पण त्याचा आवाज ऐकला की मला ती हाक ऐकू येती. त्या सकाळची. मी काय करू?"

हे मी त्याला सांगितलं नाही. पण त्याला कुठून तरी कळलं असावं, किंवा त्यानं ते आपणच ओळखलं असावं. त्यानंतर तो घरात असताना फार हळू बोलायला लागला. मुलांनाही हाक मारायची झाली तर उठून त्यांच्यापर्यंत जायचा.

अम्मा उन्हाळ्यात गेल्या, दोन दिवसांच्या तापानं. तो तेव्हा सास्तूरकडं कामाला गेलेला होता. निरोप मिळून तो येईपर्यंत आंघोळ घालून, कफन नेसवून झालं होतं. तो त्यांच्या उशाशी बसला. बायकांनी जागा करून दिली. मी त्याला म्हटलं, "काय बोलायचं असंल तर बोल. थोडा वेळ आहे." त्यानं मान हलवली, नाही म्हणून. बाहेर माणसं जमली होती. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, तसा तो उठला आणि खांदा द्यायला बाहेर गेला.